नवख्याची खरी परीक्षा पाच विरुद्ध पाचमध्येच

2025 च्या एप्रिलमधला शनिवार. कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसॉगात एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही सात-आठ मराठी मंडळी जमलो होतो. समोर टीव्हीवर आइस हॉकी, मध्ये भडंगाचं पातेलं, आणि वाद चालला होता एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगच्या, नुकत्याच संपलेल्या हंगामातल्या नवोदितांवरून. सॅन होजेचा मॅक्लिन सेलेब्रिनी आणि फिलाडेल्फियाचा मॅटवे मिचकोव्ह, दोघांचेही गोल आणि असिस्ट (गोलाला कारण ठरलेले पास) मिळून 63 गुण. एक जण म्हणाला, "63 ला 63, बरोबरी, विषय संपला." दुसरा उसळला, "संपला कसा? सेलेब्रिनी 70 सामने खेळलाय, मिचकोव्ह 80." तिसऱ्याने मिचकोव्हचे 26 गोल सेलेब्रिनीच्या 25 समोर ठेवले. चौथा म्हणाला, मग 66 गुणांचा लेन हटसन काय वाईट, तो तर बचावपटू आहे! तासभर आकडे इकडून तिकडे फेकले गेले. हे गुण आले कधी, समोर पाच जण उभे असताना की चार, हे मात्र कुणी विचारलं नाही. वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरच्या चर्चांतूनही दर वर्षी वाद असाच घातला जातो, आणि तो चुकीचा घातला जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांनी मैदानी हॉकीच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आइस हॉकीत दोन्ही बाजूंचे पाच-पाच खेळाडू आणि एकेक गोलरक्षक बर्फावर असतात. कुणी आगळीक केली की तो दोन मिनिटं बाहेर बसतो आणि प्रतिस्पर्ध्याला पाच विरुद्ध चार खेळायला मिळतं, हाच पॉवरप्ले. क्रिकेटमधल्या त्याच नावाच्या प्रकाराशी याचं नातं इतकंच, की दोन्हीकडे नियमच एका बाजूला झुकतं माप देतो. एका संघाच्या वाट्याला सामन्यात साधारण तीन पॉवरप्ले येतात आणि सरासरी पाचातल्या एकावर गोल होतो. साठ मिनिटांतली पंचेचाळीस-पन्नास मिनिटं मात्र खेळ पाच विरुद्ध पाच असाच चालतो. तिथे जागा कमी, वेळ कमी, पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) काठीवर आला की पाठोपाठ कुणीतरी अंगावर आलेलाच.

नवख्या आघाडीच्या खेळाडूला जोखताना पहिला आकडा समान संख्येतला, म्हणजे दोन्हीकडे सारखेच खेळाडू असतानाचा, बघावा आणि एकूण बेरीज मागाहून, असं माझं म्हणणं आहे. पॉवरप्लेतले गोल खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण पॉवरप्लेवर कोण उतरणार हे प्रशिक्षक ठरवतो. तिथली जागा दिली जाते, पाच विरुद्ध पाचमध्ये ती मिळवावी लागते. ज्याची ओळख अजून व्हायची आहे त्याच्याबद्दल यातलं काय आधी जाणून घ्यायला हवं?

या बाबतीत टोरोंटोच्या ऑस्टन मॅथ्यूजचा 2016-17 चा पहिला हंगाम माझ्या डोक्यातून जात नाही. आदल्या जूनमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, तो सर्वांत आधी निवडला गेला होता, त्यामुळे तो गोल करणार यात कुणालाच नवल नव्हतं. 82 सामन्यांत 40 गोल, 69 गुण, हेही मोठंच. नवल पुढे आहे. त्या 40 पैकी फक्त 8 पॉवरप्लेवर आले आणि 32 समान संख्येत. त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये समान संख्येत इतके गोल दुसऱ्या कुणाचेच नव्हते. 44 गोलांसह लीगमध्ये पहिला आलेल्या सिडनी क्रॉस्बीचेही 30 होते. एकोणीस वर्षांचा पोरगा, पहिलाच हंगाम, रोज सरासरी साडेसतरा मिनिटांच्या आसपास बर्फावर, आणि खेळाच्या सर्वांत अवघड भागात तो सगळ्यांच्या पुढे. तरीही त्या वर्षीची चर्चा कशावर चालली? मॅथ्यूजचे 40 की विनिपेगच्या पॅट्रिक लाइनेचे 73 सामन्यांत 36? एकाचे 69 गुण की दुसऱ्याचे 64? ऑक्टोबरमध्ये या दोघांच्या पहिल्याच गाठीत लाइनेने तीन गोलांची हॅट्ट्रिक मारून जादा वेळेत सामना जिंकून दिला होता, तेव्हापासूनच ही तुलना पेटली होती आणि शेवटपर्यंत बेरजेच्याच पातळीवर राहिली.

समान संख्येतला खेळ म्हणजे काय हे मला मॅथ्यूजच्या पदार्पणातल्या दुसऱ्या गोलातून कळलं. 12 ऑक्टोबर 2016, ओटावा. त्या रात्री त्याने चार गोल केले. आधुनिक एनएचएलमध्ये पहिल्याच सामन्यात चार गोल करणारा तो पहिलाच. हा दुसरा गोल मी इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटले तरी दिसतो. डावीकडून पक घेऊन निघालेला मॅथ्यूज एकामागून एक अंगावर येणाऱ्यांच्या काठ्यांतून वाट काढतो, पक मध्येच सुटतो, समोर एरिक कार्लसन, म्हणजे त्या काळचा जगातला बहुधा सर्वोत्तम बचावपटू. कार्लसनच्या काठीपाशी गेलेला पक मॅथ्यूज तिथल्या तिथे हिसकावून घेतो, गोलाकडे वळतो आणि गोलरक्षक क्रेग अँडरसनच्या पायांतून मारतो. त्या काही सेकंदांत त्याला कुणी जागा करून दिलेली नाही, कुणी आयता पास दिलेला नाही. पक गेला होता, तो परत आणला. पॉवरप्लेत हे कौशल्य सहसा लागतच नाही, कारण तिथे पक मुळात आपल्याकडेच असतो.

आता विरोधी बाजूचा सर्वांत सोपा आणि सर्वांत सच्चा मुद्दा घेतो. गोल तो गोल. फलकावर समान संख्येतल्या गोलाला दीड गुण मिळत नाहीत. हे आम्हा भारतीयांना वेगळं सांगायला नकोच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीत सिंगने 10 गोल केले ते पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवर. कांस्यपदकाच्या लढतीत स्पेनविरुद्ध आपण 2-1 जिंकलो ते दोन्ही गोल त्याचेच, दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर. ते पदक कुणी कमी मोलाचं म्हणेल? मी तर नाही म्हणणार. शिवाय या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत असंही नाही. टीमू सेलानेने 1992-93 मध्ये नवोदित म्हणून 76 गोल केले. त्यातले पॉवरप्लेवरचे 24 वगळले तरी 52 उरतात, आणि तेवढ्यांवरसुद्धा कुठल्याही हंगामात माणसाचं नाव झालं असतं.

पण गोल तो गोल हे विधान सामना कोण जिंकलं याचं उत्तर आहे. हा खेळाडू कसा आहे या प्रश्नाचं ते उत्तर नाही. मी खडकीत वाढलो. आमच्याकडे हॉकी म्हणजे धनराज पिल्ले, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतला. मैदानाच्या कडेला उभे राहून गप्पा मारणारे जाणते लोक संघाचे गोल दोन हिशेबांत मांडायचे, मैदानी किती आणि कॉर्नरवरचे किती. धनराजची थोरवी पहिल्या हिशेबात होती. मधल्या पट्ट्यात चेंडू घेऊन तीन-चार जणांना मागे टाकत वर्तुळात शिरायचं, हे चार ऑलिंपिक खेळलेल्या त्या माणसाने आयुष्यभर केलं. त्याला कुणी पेनल्टी कॉर्नरवर गोल मारणाऱ्या ड्रॅग-फ्लिकरच्या गोलसंख्येशी तोललं असतं तर खडकीतल्या शाळकरी पोरानेही त्याला वेड्यात काढलं असतं. जो भेद आम्हाला तिथल्या लाल मातीवर कळत होता, तो इथे बर्फावर का सुटावा?

आणि खुद्द एनएचएलनेही हा भेद फार पूर्वी मान्य केलेला आहे. 1950 च्या दशकात पेनल्टी झालेला खेळाडू पुरी दोन मिनिटं बाहेर बसायचा, तेवढ्यात कितीही गोल होवोत. मग 5 नोव्हेंबर 1955 रोजी मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिव्होने बॉस्टनविरुद्ध एकाच पॉवरप्लेत 44 सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या हंगामापासून नियम बदलला: किरकोळ पेनल्टीत एक गोल झाला की बाहेरचा खेळाडू परत येणार. बेलिव्हो महान होता यात वाद नाही. तरीही एक माणूस कमी असताना होणारा खेळ हा वेगळाच खेळ आहे आणि त्याला आवर घालायला हवा, असं लीगला वाटलं. लीगने नियमांत जो फरक केला तो आपण मोजणीत करत नाही.

लाइनेची पुढची वाटचाल इथे आणणं थोडं अन्यायाचं आहे हे मला कळतं; 2017 साली कुणाकडेच भविष्य नव्हतं. तरी ती बोलकी आहे. 2017-18 मध्ये त्याने 44 गोल केले, त्यातले 20 पॉवरप्लेवर. डाव्या वर्तुळात उभं राहायचं, पलीकडून आलेला पास न थांबवता तडक मारायचा, असा फटका पिढीतून दोघा-चौघांनाच जमतो. पुढे संघ बदलले, दुखापती झाल्या, आणि 2024-25 मध्ये मॉन्ट्रियलकडून त्याने 20 गोल केले, त्यातले 15 पॉवरप्लेवर. म्हणजे ती देणगी शेवटपर्यंत टिकली, पण तिच्याभोवतीचा बाकीचा खेळ आटत गेला. मॅथ्यूजने 2021-22 मध्ये 60 आणि 2023-24 मध्ये 69 गोल केले, त्यातले दोनतृतीयांशाहून जास्त समान संख्येत. या भविष्यामुळे माझा मुद्दा सिद्ध होतो असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षीच्या आकड्यांत तो आधीच दिसत होता, मात्र पाहणाऱ्याने बेरीज फोडून पाहायला हवी होती. लाइनेचेही त्या वर्षी समान संख्येत पंचवीसहून अधिक गोल होतेच, हेही न्यायाने सांगायला हवं. तो नुसता उभा राहून मारणारा नव्हता. पण दोघांत पहिला कोण, याचा निवाडा त्या रकान्यात स्पष्ट होता.

दुसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. पाच विरुद्ध पाचमधला खेळाडू एकटा नसतो. सोबतचे दोघं कोण यावर सगळं अवलंबून असतं. याचं सर्वांत चांगलं उदाहरणही टोरोंटोतलंच आहे, मायकल बंटिंग. स्कारबरोचा मुलगा, चौथ्या फेरीत निवडला गेलेला, कित्येक वर्षं खालच्या लीगमध्ये घासलेला. 2021-22 मध्ये तो 63 गुणांसह नवोदितांत पहिला आला आणि त्याची जवळजवळ सगळी कमाई समान संख्येतली. माझ्या निकषाने तोच पहिला ठरायला हवा होता. पण त्याच्या बाजूला कोण होतं? त्या वर्षी 60 गोल करणारा मॅथ्यूज आणि 97 गुणांचा मिच मार्नर. शिवाय सर्वोत्तम नवोदिताला मिळणाऱ्या काल्डर ट्रॉफीचा नियम असा की 15 सप्टेंबरला सव्वीस पूर्ण झालेले नकोत; बंटिंगचा वाढदिवस 17 सप्टेंबरचा, म्हणून दोन दिवसांनी तो नवोदित ठरला. (मॅथ्यूजचाही वाढदिवस 17 सप्टेंबरच, आणि त्या दोन दिवसांपायी त्याला ड्राफ्टसाठी एक वर्ष थांबावं लागलं. तेवढं वर्ष त्याने स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या संघाकडून काढलं.) मतदारांनी बंटिंगला तिसरा ठेवलं, ट्रॉफी डेट्रॉइटच्या मोरित्झ झायडरला दिली आणि योग्यच केलं. पुढच्या वर्षी बंटिंगचे गुण 49 झाले आणि त्यानंतर तो संघांमागून संघ बदलत राहिला.

मग निकष कोसळला का? नाही. समान संख्येतला आकडा हा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही, एवढंच बंटिंग दाखवून देतो. त्या आकड्यापाठोपाठ लगेच विचारायचं: ओळीत, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या आघाडीच्या तिघांत, खेचणारा कोण आणि खेचला जाणारा कोण? हाच प्रश्न 2016-17 च्या मॅथ्यूजला लावून बघा. त्याच्या डावीकडे झॅक हायमन, उजवीकडे कधी विल्यम नीलंडर, कधी कॉनर ब्राउन. हे तिघंही त्याच हंगामातले नवोदित! हायमनचे त्या अख्ख्या वर्षात 10 गोल. हायमन पुढे एडमंटनला गेला आणि कॉनर मॅकडेव्हिडच्या बाजूला खेळून एका हंगामात 54 गोलांपर्यंत पोहोचला ही वेगळी गोष्ट, आणि तिलाही पुन्हा हाच प्रश्न विचारता येतो. त्या वर्षीचा हायमन कोपऱ्यात घुसून पक उकरून आणणारा कष्टाळू गडी होता; पुढचं सगळं मॅथ्यूजला करायचं होतं. आदल्या वर्षी लीगमध्ये शेवटचा आलेला, गुणतक्त्यात 69 गुणांवर थांबलेला संघ त्या वर्षी 95 गुणांवर गेला तो नवोदितांच्या जिवावर, आणि मधल्या जागी हा मुलगा होता.

याच आक्षेपाचं आणखी एक टोक आहे. प्रशिक्षक माइक बॅबकॉक प्रतिस्पर्ध्यांच्या तगड्या ओळींसमोर नाझेम काद्रीची ओळ पाठवत असे, त्यामुळे मॅथ्यूजला तुलनेने मोकळं मैदान मिळालं. हे खरं आहे आणि त्याचं माप पदरात घ्यायलाच हवं. पण मग काद्रीने घेतलेला भार मोजायचा असेल तर तोही पाच विरुद्ध पाचमध्येच मोजावा लागेल. म्हणजे हा आक्षेप घेणारा माझ्याच पाटावर येऊन बसतो: तोही परिस्थिती विचारतो, नुसती बेरीज नाही. अधिकृत आकडेवारीत जादा वेळेतले तीन विरुद्ध तीनचे आणि गोलरक्षक काढून घेतल्यावर रिकाम्या जाळ्यात ढकललेले गोलही समान संख्येतच धरले जातात, हीही एक गोम आहे. तीही बाजूला काढावी.

नशिबाचा मुद्दा मी पटकन उरकतो, कारण त्याचं उत्तर आकड्यातच आहे. एखाद्या वर्षी मारलेलं सगळं लागतं, पुढच्या वर्षी तेच खांबावर आदळतं, हे हॉकीत नेहमी घडतं. म्हणून गोलांच्या जोडीला फटके बघायचे. मॅथ्यूजने 279 फटक्यांत 40 गोल केले, लाइनेने 204 मध्ये 36. म्हणजे शंभरात मॅथ्यूजचे साधारण चौदा लागले, लाइनेचे सतराहून जास्त. फटका मारण्याच्या जागी पुन्हा पुन्हा पोहोचणं हे नशिबाने होत नाही.

कुणी म्हणेल, एवढी चिरफाड कशाला, ट्रॉफी शेवटी मॅथ्यूजलाच मिळाली, 167 पैकी 164 जणांनी त्यालाच पहिलं मत दिलं. निकाल बरोबर लागला हे मला मान्य. पण बरोबर उत्तर चुकीच्या रीतीने काढलं की पुढचं गणित चुकतं, हे आम्हाला शाळेत पायऱ्यांचे गुण कापून शिकवलं आहे. 40 हा 36 पेक्षा मोठा म्हणून तो जिंकला असं ज्यांनी मानलं, त्यांच्यापाशी 63-63 च्या वर्षी बोलायला काहीच उरलं नाही. आणि नवोदित कुणाला म्हणायचं याचेही निकष लीगने याआधी बदलले आहेतच. 1990 मध्ये सोव्हिएत संघाकडून वर्षानुवर्षं खेळून आलेल्या एकतीस वर्षांच्या सर्गेई मकारोव्हने 86 गुणांवर काल्डर नेली, तेव्हा आरडाओरडा झाला आणि सव्विसाव्या वर्षाची अट आली. बेरीज मोठी असूनही काहीतरी चुकलं हे लोकांना तेव्हा जाणवलं होतं. ती जाण वयापुरतीच का थांबली?

माझी मागणी साधी आहे. टीव्हीवर नवोदिताची पाटी येते तेव्हा तिच्यावर गोल, असिस्ट, गुण असे तीन आकडे असतात. तिथे चौथा यावा, समान संख्येतले गोल, आणि मतदान करणाऱ्या पत्रकारांनी आपल्या मताचं कारण लिहिताना तो आधी लिहावा. जमलं तर पाचवाही: तो बर्फावर असताना समान संख्येत त्याच्या संघावर किती गोल झाले. कारण ओटावाच्या त्या रात्रीचा शेवट फार थोड्यांच्या लक्षात आहे. चार गोल करूनही टोरोंटो 5-4 हरलं. जादा वेळेत, तीन विरुद्ध तीनमध्ये, काइल टुरिसने विजयी गोल केला तेव्हा त्याला ज्याने मोकळं सोडलं तो मॅथ्यूजच होता. सामना संपल्यावर त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने चार गोलांची शेखी मिरवली नाही. ती चूक माझीच, असं त्याने सांगितलं.